उत्तर ठाऊक असताना

शाळांतून विज्ञानप्रदर्शने भरण्याचे दिवस जवळ आले, की आपल्या घरांतून एक लगबग सुरू होते. पुठ्ठे येतात, डिंक येतो, रंगीत कागद येतात; आणि या साऱ्यांच्या आधी ‘माहिती’ येते. पूर्वी ती वाचनालयातून किंवा आजोबांच्या कपाटातील विश्वकोशाच्या खंडांतून येत असे. आता ती हातातल्या भ्रमणध्वनीवर क्षणार्धात उतरते, आणि सांगाल त्या भाषेत सुबक परिच्छेद करून देणारी यंत्रेही घरोघर पोहोचली आहेत. प्रकल्पाच्या वहीत ‘संदर्भसाहित्याचा आढावा’ असे एक शीर्षक असते. त्याखाली दोन पाने भरली, की आईवडील सुटकेचा निःश्वास टाकतात आणि मग मूल ‘खऱ्या’ कामाला, म्हणजे प्रयोगाला, लागते.

ही दोन पाने म्हणजे केवळ एक उपचार आहे, असा सर्वांचाच समज दिसतो. आम्हांला मात्र तसे वाटत नाही. एक अवघड प्रश्न या दोन पानांत दडलेला आहे, आणि तो विज्ञानापेक्षा नीतीच्या प्रांतातला अधिक आहे. ज्याने उत्तर आधीच वाचले आहे, तो प्रयोग करतो म्हणजे नेमके काय करतो? तो पाहतो, की पाहिल्याचे सोंग करतो?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक अगदी साधा प्रयोग घेऊ. बशीत पाणी, पाण्यात उभी पेटती मेणबत्ती, आणि तिच्यावर उपडी घातलेली काचेची बरणी. थोड्या वेळात ज्योत मंदावते, विझते आणि बरणीत पाणी चढते. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत हा प्रयोग पाहिला असेल, आणि त्याचे स्पष्टीकरणही बहुतेकांना पाठ असेल: हवेत एक-पंचमांश प्राणवायू असतो, तो जळून संपतो, आणि त्याची जागा घ्यायला पाणी एक-पंचमांश उंचीपर्यंत चढते. कितीतरी पुस्तकांतून हे असेच छापले गेले आहे आणि आजही अनेक ठिकाणी वाचायला मिळते. मूल ते वाचते, वहीत उतरवते, प्रयोग करते आणि ‘निरीक्षण’ या शीर्षकाखाली लिहिते, ‘पाणी एक-पंचमांश चढले.’

आता पट्टी लावून मोजले, तर पाणी कधी एक-अष्टमांश चढलेले असते, तर कधी एक-चतुर्थांश. बरणी केवढी, ती किती झटकन घातली, ज्योत किती मोठी, यांवर ते अवलंबून असते. तरीही वहीत एक-पंचमांशच येते. हा आकडा बरणीतून आलेला नाही, तो आढाव्याच्या पानावरून आला आहे. या मुलाला खोटारडे म्हणण्याची आमची तयारी नाही. त्याने कुणाला फसवण्यासाठी हे केलेले नसते. पुस्तक थोर, आपण लहान, तेव्हा चूक आपल्या पट्टीचीच असणार, असा त्याचा हिशेब असतो. हे असत्य लबाडीतून नव्हे, आज्ञाधारकपणातून जन्मते. आणि म्हणूनच ते आम्हांला अधिक चिंतेचे वाटते. लबाडीला आपण शिक्षा तरी करतो. आज्ञाधारकपणाला बक्षीस देतो.

शिवाय ते स्पष्टीकरणच मुळात चूक आहे. हवेतील प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो हे खरे. पण तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरला, की बंद बरणीतील मेणबत्ती विझते. म्हणजे बहुतांश प्राणवायू तसाच मागे उरतो. जो जळतो, त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मेणाच्या रसायनाचा हिशेब मांडला, तर ३८ माप प्राणवायू जळल्यावर सुमारे २५ माप कार्बन डायऑक्साइड परत मिळतो, आणि तो पाण्यात काही लगेच विरघळत नाही. अशा रीतीने घटलेले आकारमान दोन टक्क्यांच्याही आतच भरते. मग एवढे पाणी चढते कशाने? मुख्यतः उष्णतेने. ज्योतीमुळे तापून फुगलेल्या हवेवर बरणी बसते, काही हवा काठाखालून बुडबुड्यांच्या रूपाने निसटते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आक्रसते. नीट लक्ष दिले, तर दिसते की पाणी बहुतांशी चढते ते ज्योत विझण्याच्या सुमारास आणि विझल्यानंतर. प्राणवायूच्या खर्चाने ते चढत असते, तर ज्योत जळत असताना हळूहळू चढले असते. त्याच बरणीखाली एकीऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या, तर पाणी अधिक चढते. बरणीतला प्राणवायू तर तेवढाच होता!

खरोखरच एक-पंचमांश पाहायचे असेल, तर घाई सोडावी लागते. ओलसर लोहकीस परीक्षानळीच्या तळाशी चिकटवून नळी पाण्यात उपडी ठेवली, की लोखंड गंजत जाते आणि पाणी सावकाश, काही दिवसांत, जवळजवळ पाचव्या भागापर्यंत येते. लाव्हाझिएने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पारा तापवण्याचा जो प्रयोग वर्णिला आहे, त्यात त्याने भट्टी तब्बल १२ दिवस पेटती ठेवली होती. ५० घनइंच हवेतून ४२ ते ४३ घनइंच उरली. त्याला मिळालेला भाग एक-षष्ठांशाच्या जवळचा आहे. त्याने जे मिळाले ते लिहिले. तोवर एक-पंचमांश हा आकडा कुणाच्या पाठ नव्हता, हेही खरे.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग वाचूच नये. मुलाला कोऱ्या मनाने प्रयोगाला बसवावे. हे मत क्षुल्लक नाही, आणि आपल्या माळव्याच्या अगदी शेजारी ते मोठ्या प्रमाणावर कसोटीला लागले आहे. तेव्हाच्या होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत १९७२ साली विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो आरंभिला, १९८२ पासून एकलव्य या संस्थेने वाढवला, आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. त्यांच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते. उत्तरे मात्र छापलेली नव्हती. खेड्यातली मुले स्वतः करून, मोजून, आपसांत वाद घालून निष्कर्षाला येत. पुस्तकात उत्तरच नसल्यामुळे ते उतरवून काढण्याची सोय नव्हती. आम्हांला हा उपक्रम मनापासून आदरणीय वाटतो, आणि तो बंद झाल्याची रुखरुख या भागातील पुष्कळांना आहे.

पण त्यातून ‘वाचू नये’ असा निष्कर्ष निघत नाही. त्या पुस्तकांतले प्रश्न आकाशातून पडले नव्हते. कोणता प्रश्न विचारायचा, कोणत्या क्रमाने, कोणत्या साहित्याने, हे ठरवणाऱ्यांनी आधी अमाप वाचले होते, वर्गात करून पाहिले होते. मुलांच्या वाट्याचे पूर्ववाचन वडीलधाऱ्यांनी केले होते, इतकेच. जेव्हा मूल स्वतःचा प्रकल्प स्वतः निवडते, तेव्हा ते ओझे त्याच्याच खांद्यावर येते. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुले आपल्या परिसरातले प्रश्न घेऊन येतात. विहिरीच्या पाण्याचा प्रश्न असो की शेतातल्या किडीचा, त्यावर आधी कुणी काय पाहिले हे न वाचता जो बसेल, त्याला कोऱ्या मनाचा म्हणता येणार नाही. तो आपल्या गल्लीतल्या समजुती घेऊन बसलेला असेल, आणि त्या कुठे लिहिलेल्या नसल्यामुळे तपासताही येणार नाहीत.

वाचनाने काय साधते याचे सर्वांत देखणे उदाहरण हवेच्याच इतिहासात सापडते. १७८५ साली इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश हवेत विजेच्या ठिणग्या पाडत होता. प्राणवायू घालत जायचे, ठिणग्यांनी नत्रवायूचा त्याच्याशी संयोग घडवायचा, तयार झालेला पदार्थ क्षारात शोषून घ्यायचा, असे करीत त्याने साऱ्या नत्रवायूचा निकाल लावला. शेवटी एक बारीकसा बुडबुडा उरला. काही केल्या तो जाईना. तो मूळ नत्रवायूच्या १/१२० पेक्षा जास्त नसावा, एवढी नोंद करून कॅव्हेंडिशने विषय सोडला. शंभर वर्षे तो बुडबुडा छापील पानावर तसाच पडून राहिला.

१८९२ साली लॉर्ड रॅले यांच्यापुढे वेगळेच कोडे उभे राहिले. हवेतून मिळवलेला नत्रवायू रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नत्रवायूपेक्षा किंचित जड भरत होता. काळजीपूर्वक मोजले, तेव्हा फरक सुमारे अर्ध्या टक्क्याचा निघाला. त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांकडे चक्क सल्ला मागितला. पुढे विल्यम रॅम्से या कामात आले. जुने साहित्य चाळले गेले, कॅव्हेंडिशचा तो बुडबुडा वर आला, आणि रॅले यांनी त्याचाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला. १८९४ मध्ये नवा वायू जाहीर झाला, तो आरगॉन. हवेत तो सुमारे ०.९३ टक्के असतो. १९०४ ची दोन नोबेल पारितोषिके, भौतिकीचे रॅले यांना आणि रसायनाचे रॅम्से यांना, या कामाशी जोडलेली आहेत.

येथे कॅव्हेंडिशच्या लेखात उत्तर नव्हते, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. त्यात होती ती एक अडचण, प्रामाणिकपणे नोंदवलेली. ‘माझ्या उपकरणातच गळती असेल’ असे म्हणून तो बुडबुडा त्याने वहीतून पुसून टाकला असता, तर त्याला कुणीही दोष दिला नसता. रॅलेही वाचायला गेले ते आपली शंका घेऊन. ज्याला शंकाच नाही, त्याला त्या पानात बुडबुडा दिसलाच नसता. आणि मधल्या शंभर वर्षांत ते पान वाचणारे थोडे नसतील.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण वाचनाने दृष्टी वाकते हा आरोप खरा आहे, आणि तो केवळ शाळकरी मुलांना लागू नाही. अमेरिकेत रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या सूक्ष्म थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा आजच्या मापनपद्धतीत सुमारे १.५९२ येतो, तर खरा आकडा १.६०२ आहे, दोन्ही आकडे एका कूलंबच्या अब्जाब्जांशाच्या दहाव्या हिश्शातले. फरक अर्ध्या टक्क्याच्या जरा वर, आणि त्याचे कारण हवेच्या श्यानतेचा, म्हणजे वाहताना होणाऱ्या अंतर्गत विरोधाचा, वापरलेला आकडा किंचित चुकीचा होता हे. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांपुढे भाषण करताना याच गोष्टीचा उल्लेख केला. मिलिकननंतरच्या मापनांचे आकडे एकदम योग्य जागी गेले नाहीत, थोडे थोडे वर सरकत गेले, असे त्यांचे म्हणणे. मिलिकनपेक्षा फार मोठा आकडा आला, की संशोधक आपली चूक शोधू लागत आणि त्यांना ती सापडेही. जवळचा आकडा आला, की तितक्या कसून शोधत नसत. यात कुणी खोटा आकडा लिहिला नव्हता. संशय मात्र सर्वांना सारखा वाटला गेला नाही. मेणबत्तीवाल्या आपल्या मुलाचा आणि या पंडितांचा दोष एकाच जातीचा आहे, प्रमाण तेवढे वेगळे.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार केलेला आहे, आणि तो बराच बारकाईने केलेला आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीला शब्दालाही प्रमाण मानले. पण कुणाच्याही शब्दाला नव्हे, आप्ताच्या शब्दाला. आप्त म्हणजे ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. भाष्यकार वात्स्यायनाने तर हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू असल्याचे स्पष्ट केले आहे. ही व्याख्या हाती घेऊन प्रकल्पाच्या वहीकडे पाहिले, तर आढाव्याच्या पानावर विचारायचा पहिला प्रश्न आपोआप समोर येतो: हे लिहिणाऱ्याने पाहिले होते काय? ज्याने आधीच्या पुस्तकावरून आपले पुस्तक तयार केले, बरणीला पट्टी कधी लावलीच नाही, तो विद्वान असेल, सज्जन असेल. मेणबत्तीच्या बाबतीत तो आप्त नव्हे. पाच पुस्तकांत तेच वाक्य सापडले, म्हणजे पाच साक्षीदार मिळाले असे होत नाही. पाचांनी एकाचेच ऐकलेले असू शकते. आणि ग्रंथ कितीही पूज्य असला, तरी अग्नी थंड आहे असे सांगणाऱ्या शंभर श्रुतींनाही प्रामाण्य येत नाही, हा अभिप्राय खुद्द शंकराचार्यांनी गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात दिला आहे. आपल्या पूर्वजांना बंडखोर ठरवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. श्रुतीचे क्षेत्र कोणते आणि डोळ्यांचे कोणते, याची त्यांना चांगली जाण होती, एवढेच.

मीमांसकांचे अधिकरण आठवावे: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत, संगती. आपल्या मुलांच्या वहीत यांतले बहुतेक सगळे सापडते. विषय असतो, पुस्तकातले मत असते, निष्कर्षही असतो. दुसरे अंग तेवढे गळालेले असते. संशयावाचून पूर्वपक्षाला पूर्वपक्षपणच येत नाही. तो सरळ सिद्धांताच्या आसनावर जाऊन बसतो. जुन्या शास्त्रकारांनी प्रतिपक्षाचे मत त्याने स्वतः मांडले असते त्याहूनही नेटके मांडले, आणि मगच त्याला हात घातला. ‘प्राणवायू संपतो म्हणून पाणी चढते’ हे मतही तसेच पुऱ्या ताकदीने मांडावे, आणि लगेच विचारावे, की हे खरे असेल तर पाणी कधी चढायला हवे? मेणबत्त्या वाढवल्या तर काय व्हायला हवे? ही दोन वाक्ये बरणी उचलण्यापूर्वी, शाईने, तारीख घालून वहीत लिहिली, की डोळ्यांना पळवाट उरत नाही. पूर्ववाचनाचे काम हे, असे आम्हांला वाटते. त्याने मुलाच्या हाती उत्तराऐवजी एक नेमकी शंका यावी.

आपल्यासारख्या जुन्या घराण्यांना हा धडा खरे तर नवा नसावा. होळकर-शिंदे-गायकवाडांच्या पदरी येऊन आपण येथे स्थिरावलो, आणि घरोघर कुलवृत्तान्त जपले. मूळपुरुष कोणत्या स्वारीत होता, सनद कोणत्या साली मिळाली, हे आपण छातीठोकपणे सांगतो. दोन घराण्यांचे कुलवृत्तान्त शेजारी ठेवले, तर पुष्कळदा परिच्छेदच्या परिच्छेद एकसारखे निघतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तो मूळ कागदच पाहायचा या हट्टापायी. बखरी त्यांनी वाचल्या नव्हत्या असे नाही. त्या वाचल्यामुळेच कोणता कागद शोधायचा, हे त्यांना कळले. असो.

राहता राहिले आपण, म्हणजे घरातील वडीलधारे. आजोबांनी सांगायचे आणि नातवाने लिहायचे, ही रीत पाढ्यांना ठीक होती. आढाव्याची दोन पाने आपणच सुवाच्य अक्षरात भरून दिली, तर मुलाला आपण वेळ दिला असे वाटते. पण त्याच्या वाट्याची शंका आपण हिरावून घेतलेली असते. त्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून, हे वाक्य कुठून आले, त्याच्या आधी कुठे होते, असे माग काढत जाणे अधिक प्रेमाचे ठरेल. त्यात एखादी संध्याकाळ जाईल. पुष्कळदा माग मधेच तुटेल. तसे वहीत लिहायला हरकत नाही. ‘हे पाच ठिकाणी वाचले, प्रत्यक्ष मोजल्याची नोंद एकाही ठिकाणी सापडली नाही’ हे वाक्य सातवीतल्या मुलाच्या वहीत आले, तर ते आम्हांला रंगीत आलेखांहून मोलाचे वाटेल.

परीक्षकांना ते तसे वाटेलच, याची खात्री मात्र देता येत नाही. कल्पना करा: एका टेबलावर एक-पंचमांशाचा सुरेख तक्ता आहे, मेणबत्तीभोवती थर्मोकोलची महिरप आहे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने सात वेळा मोजून सात वेगवेगळे आकडे लिहिले आहेत, पुस्तकातल्या स्पष्टीकरणाशी ते जुळत नाहीत असेही लिहिले आहे, आणि तिला स्वतःलाही पूर्ण उलगडा झालेला नाही. घाईतला परीक्षक पहिल्या टेबलापाशी थांबेल. ती मुलगी संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी येईल, आणि ‘पुस्तकातलेच लिहिले असते, तर मला बक्षीस मिळाले असते ना?’ असे विचारील. तिला आपण काय सांगणार आहोत, हे प्रदर्शनाच्या आधीच आपापसांत ठरवून ठेवायला हवे. ‘हो, मिळाले असते’ हे खरे उत्तर आहे, आणि ज्या घरात मोजलेलेच लिहायला शिकवले, तेथे तिला तेच मिळाले पाहिजे. मग तिने वही उघडावी. तिच्या शेवटच्या पानावर बहुधा एक ओळ असेल: पाण्याऐवजी चुन्याची निवळी घेतली, तर कार्बन डायऑक्साइड तिच्यात शोषला जाईल, मग ती पाण्यापेक्षा थोडी अधिक चढेल काय? चुना घरात असतोच. बरणीही अजून धुवायची राहिली आहे.